ओझर मिग: इथून लढाईला विमानं जात नाहीत, मग इथे होतं काय

आपल्याकडे धुळे-जळगावात कुणी "पोरगा मिगला लागला" म्हटलं की नाशिकजवळचं ओझर वेगळं सांगावं लागत नाही, मिग या लढाऊ विमानांवरूनच ते ओळखलं जातं. पण तिथून विमानं थेट लढाईला जातात असा बऱ्याच जणांचा समज आहे, तसं नाहीये. एकाच रनवेच्या आजूबाजूला दोन कामं चालतात, सरकारी कारखाना विमानं बांधतो आणि हवाई दलाचा डेपो ती दुरुस्त करतो.

मिग-२१ चा रशियाशी करार ऑगस्ट १९६२ चा, म्हणजे चीन युद्धाच्या आधीचा. कारखाना आला १९६४ ला. खरा वाद आहे तो वाटणीचा. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, एका विमानासाठी तीन राज्यं! निव्वळ राजकारण झालं असं म्हणणारे दाखला देतात की तेव्हाचे संरक्षणमंत्री १९६३ ला नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेत गेले आणि ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री स्वतः पायलट होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण सगळं एकाच जागी ठेवलं असतं तर शत्रूच्या एका हल्ल्यात सगळंच गेलं असतं, हे कोणी लक्षात घेत नाही. इंजिन हजारावर किलोमीटर लांबून आणायचं म्हणजे खर्च आणि वेळ जातोच, तरी माझ्या मते निर्णय बरोबर होता, कारण आयटीआय झालेल्या आपल्या पोरांना आग्रा रोडवर, एका एसटीच्या अंतरावर असं काम दुसरं कुठे मिळालं असतं? आणि त्याच १९६४ ला वरणगावला काडतुसांचा कारखाना आला, भुसावळचा संरक्षण कारखाना तर १९४९ पासूनचा, त्यावर कोणी राजकारण म्हणून बोट ठेवत नाही.

डेपोचं काम फार कमी लोकांना माहितीये. ओव्हरहॉल म्हणजे नुसतं सर्व्हिसिंग नाही, विमान पार उघडतात, रंग उतरवतात, सांगाड्यात डोळ्यांना न दिसणारे तडे शोधतात, पार्ट काढून तपासतात, मग परत जोडून टेस्ट पायलट उडवून बघतो. मिग-२३, मिग-२९ यांचं ओव्हरहॉल इथेच झालं, आणि २०१८ ला डेपोने ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई-३० हे रशियन बनावटीचं लढाऊ विमान परत हवाई दलात गेलं.

कारखान्याचं म्हणाल तर मिग-२१ नंतर मिग-२७, मग २००० च्या करारातली १४० सुखोई. ती ऑर्डर संपत आली तेव्हा पुढे काय ही काळजी कॉलनीतल्या घराघरात होती. डिसेंबर २०२४ ला आणखी १२ सुखोईंची ऑर्डर आली, सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात ओझरला तेजस या भारतीय लढाऊ विमानाच्या बांधणीची लाईन सुरू झाली, वर्षाला ८ विमानांची. सुखोईचं इंजिन कोरापुटला बनतं, तेजसचं मात्र अमेरिकेतून येतं, आणि तेजसला उशीर होण्यामागे ते इंजिन वेळेवर न मिळणं हे एक मोठं कारण आहे.