नाट्यछटा आणि स्वगत: शाळेच्या स्पर्धेत उतरण्याआधी यातला फरक बघून घ्या

गॅदरिंगचे आणि स्पर्धांचे दिवस जवळ आले की सांगलीत प्रत्येक शाळेत तीच गडबड असते, कोण एकांकिकेत, कोण नाचात, आणि ज्याला ग्रुपमध्ये जागा नाही त्याला बाई सांगतात "तू एकट्याने कर काहीतरी". फॉर्मवर लिहिलेलं असतं नाट्यछटा, पोरगं युट्यूबवर मोनोलॉग म्हणून शोधतं, आणि स्टेजवर येऊन 'नटसम्राट'मधलं "जगावं की मरावं" म्हणतं. मनापासून म्हणतं, पाठांतरही पक्कं असतं, टाळ्या पडतात, पण ते स्वगत आहे, नाट्यछटा नाही, आणि परीक्षक जाणकार असतील तर मार्क तिथेच जातात. पोराची यात काही चूक नाही, त्याला फरक कुणी सांगितलेलाच नसतो. तो सांगावा म्हणून हे लिहितोय.

दोन्हीत स्टेजवर एकटाच माणूस बोलतो, गोंधळ होतो तो त्यामुळेच. पण स्वगतात तो स्वतःशी बोलतो आणि नाट्यछटेत दुसऱ्या कुणाशी तरी, फक्त तो दुसरा आपल्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. एसटीत शेजारी बसलेला माणूस फोनवर बोलत असतो, पलीकडचं आपल्याला काही ऐकू येत नाही, तरी मिरज येईपर्यंत पलीकडे बायको आहे की मालक, भांडण कशावरून आहे, हा खरं बोलतोय की थापा मारतोय हे सगळं आपल्याला कळलेलं असतं, तसंच.

एक उदाहरण घेऊन दाखवतो, म्हणजे नुसत्या व्याख्येत अडकायला नको. 2019 चा महापूर ओसरलाय, एक बाई घर धुवायला लागलीय आणि नात्यातली एक वहिनी भेटायला आलीय. आता ही नाट्यछटा:

"या वहिनी, या. असू द्या, चप्पल नका काढू, अजून चिखल हाय. ...होय की, तिथवर आलं होतं, त्या खिळ्याच्या वर. ...फोटो? काढा की. थांबा, खिडकी उघडते, उजेड येऊ दे. ...न्हाई ओ, गहू सगळा गेला, वास सुटलाय बघा त्याला. ...पंचनाम्याला येऊन गेले, नाव लिहून नेलंय. ...आता तुमचा पण? बरं, उभ्या राहा इकडं, मी काढते. ...चहा टाकते की. ...बरं बरं, पुढच्या घरी पण जायचं असेल."

आणि हे स्वगत. तीच बाई, वहिनी निघून गेलीय, घरात ती एकटीच आहे:

"आली, बघून गेली. पाणी कुठवर आलं एवढंच सगळ्यांना बघायचंय. रात्री झोपणार कुठं, हे एकीनंही विचारलं नाही. आणि मी वेडी, खिडकी उघडून देत होते."

दोन्ही उतारे पुन्हा एकदा वाचा. स्वगतात ती तिच्या मनातलं थेट सांगते. नाट्यछटेत ती एक शब्दही तक्रारीचा बोलत नाही, उलट पाहुणचार करते, आणि तरीही वहिनी कशी आहे, हिला काय वाटतंय, हे सगळं आपल्यापर्यंत पोचतं. माझ्या मते खरा फरक हाच, बाकीचं सगळं यातूनच येतं. स्वगतात पात्र स्वतःला ओळखत असतं, निदान ओळखायची धडपड करत असतं. नाट्यछटेत ते न सांगता उघडं पडतं, कधी बोलणारा स्वतः, कधी समोरचा, कधी दोघंही.

आता हे करायचं कसं, कारण शाळेत खरी अडचण इथेच येते. नाट्यछटेत पहिली गोष्ट नजर. वहिनी दारात उभी असताना नजर एका उंचीवर, ती खुर्चीत बसली की नजर खाली यायलाच पाहिजे. मुलं काय करतात, सुरुवातीला उजवीकडे बघून बोलतात आणि दोन वाक्यांनंतर सरळ प्रेक्षकांकडे, म्हणजे वहिनी हवेत विरघळली! यावर सोपा उपाय आहे, तालमीत त्या जागेवर वर्गातली एक मैत्रीण खरीच बसवायची आणि तिला उत्तरंही द्यायला लावायची, हालचाली पक्क्या झाल्या की तिला उठवायचं आणि खुर्ची रिकामी ठेवायची, पुढे वाटलं तर खुर्चीही काढायची. दुसरी गोष्ट थांबण्याची. वर उताऱ्यात जिथे टिंबं आहेत तिथे समोरची बोलतेय, म्हणून तिचं वाक्य आपण मनात पूर्ण म्हणायचं आणि मगच पुढे जायचं, आणि तेवढ्या वेळात चेहरा ऐकत असला पाहिजे. चांगली नाट्यछटा आणि घाईत उरकलेली नाट्यछटा या टिंबांत ओळखू येते, शब्दांत नाही, हे मी ठामपणे सांगेन.

आणि एक सवय मोडायला लागते. "काय म्हणालीस? गहू गेला का? होय गं, गहू गेला", असं समोरच्याचं प्रत्येक वाक्य स्वतःच परत म्हणून दाखवायची ती सवय. जुन्या संस्कृत नाटकात 'भाण' नावाचा प्रकार आहे, त्यात एकच नट न दिसणाऱ्या माणसांशी बोलतो आणि "काय म्हणतोस?" करून त्यांचं बोलणं आपल्यालाच ऐकवतो. तिथे ती रीतच आहे आणि ती शोभतेही. नाट्यछटेत एखाद्या ठिकाणी चालतं, पण प्रत्येक वाक्याला केलं की प्रेक्षकाला ओळखायला काही उरत नाही.

स्वगताचं तंत्र पार वेगळं. समोर कुणी नसतं त्यामुळे नजर मोकळी असते, लांब कुठेतरी, जमिनीवर, किंवा थेट प्रेक्षकांत. थांबायचं ते स्वतःच्या विचाराला वळण मिळतं म्हणून, कुणाचं ऐकायचं म्हणून नाही. आवाज मात्र अवघड, कारण पात्र मनाशी बोलतंय पण भावे नाट्यमंदिरासारख्या मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेलाही ते ऐकू गेलं पाहिजे, म्हणजे मोठ्याने बोलायचं आणि तरी ते आतलं वाटलं पाहिजे. आणि स्वगत हा नाटकाचा तुकडा असतो हे विसरू नका. मागे काय घडलं ते माहीत नसेल तर ऐकणाऱ्याला नुसता आक्रोश दिसतो, म्हणून सुरुवातीला दोन वाक्यांत प्रसंग सांगायला लागतो. नाट्यछटा तशी नाही, ती स्वतःपुरती पूर्ण असते, पहिल्या दोन-तीन वाक्यांत कोण, कुठे, कुणाशी हे आतूनच कळायला हवं. नाट्यछटेआधी मोठं निवेदन द्यायला लागत असेल तर लिखाणातच काहीतरी राहिलंय असं समजा.

थोडं मागचंही सांगतो, सांगलीच्या पोरांना हे माहीत हवंच. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन मानतो आणि नटराजपूजन करतो, पण त्या खेळात पदं लिहिलेली असायची आणि पात्रं गद्य बोलायची ती आपल्या मनाने. लिहिलेली भाषणं आणि कंसात "स्वगत", "उघड" अशा सूचना ही पुढच्या काळातली नाटकं, त्यात आपल्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल आणि सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. त्यात एक पात्र शेजारी उभं असताना दुसरं स्वगत बोलतं आणि शेजारच्याला ते ऐकू गेलेलं नसतं, हा प्रेक्षकांशी केलेला करारच होता. पुढे वास्तववादी नाटक आलं तशी ही रीत मागे पडली. शेक्सपिअरचं 'हॅम्लेट', ज्यातलं स्वगत जगभर गाजलं, ते मराठीत 1883 मध्ये 'विकारविलसित' म्हणून आणलं आगरकरांनी, म्हणजे कराडजवळच्या टेंभूच्या माणसाने. आपल्या कृष्णाकाठचा या सगळ्याशी एवढा संबंध आहे.

नाट्यछटा मात्र पुण्याची. दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, हे शाळेत मास्तर होते. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकाच पात्राच्या तोंडी असलेल्या कविता त्यांना आवडल्या आणि त्यावरून 1911 पासून त्यांनी मराठीत गद्यात हा प्रकार लिहायला घेतला. एकूण 51 नाट्यछटा, बहुतेक एकदोन पानांच्या. 18 जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस, तो नाट्यछटा दिन म्हणून पाळतात. शाळेसाठी निवड करणाऱ्या शिक्षकांनी आधी त्या वाचाव्यात, भाषा जुनी वाटेल, पण समोरचा माणूस न दाखवता उभा कसा करायचा हे तिथे शिकायला मिळतं.

या दोन्हींच्या जवळ आणखी दोन प्रकार घुटमळत असतात. एक म्हणजे "मी झाड बोलतोय", "मी फाटकं पुस्तक". ते मनोगत झालं, निबंधाचा प्रकार, त्याला हिरवे कपडे घालून स्टेजवर उभं केलं म्हणून त्याची नाट्यछटा होत नाही. हेच झाड कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाशी बोलायला लागलं तर होईल. दुसरा एकपात्री प्रयोग, त्यात एकच नट अनेक पात्रं करतो, लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये 52 पात्रं करायचे. तिथे समोरच्याचं बोलणंही तोच नट बोलतो, म्हणून तो हिशोबच वेगळा.

मग मुलाला काय द्यायचं? पाचवी-सहावीच्या मुलांना मी नाट्यछटाच देईन. त्या वयाला स्वतःच्या मनात उतरून बोलायला सांगितलं की ती रडका आवाज काढतात, पण दुकानदाराशी घासाघीस करायला, आजीला पटवायला, बॉल खिडकीवर लागल्यावर शेजारच्या काकांसमोर उभं राहायला त्यांना शिकवावं लागत नाही. आठवीनंतर स्वगत द्या, पण त्याआधी ते नाटक पूर्ण वाचून घ्या, निदान तो अंक तरी. आणि स्पर्धेचा फॉर्म भरताना आयोजकांना विचारा की तुम्हाला नाट्यछटाच हवीय की एकट्याचा कुठलाही अभिनय चालेल, कारण बऱ्याच ठिकाणी हेडिंग नाट्यछटा असतं आणि नियमात तसं काहीच लिहिलेलं नसतं.