भूमिगत स्वातंत्र्यसैनिकांचे सन्मान निवृत्तिवेतन: पात्रता, पुरावे आणि वारसांचा अर्ज

स्वातंत्र्यलढ्यात जो पकडला गेला त्याची नोंद तुरुंगाच्या दप्तरात राहिली. भूमिगतांचे निरोप आणि पत्रके गुपचूप पोचवणाऱ्याचे सारे कसब मात्र कुठेच नोंद होऊ न देण्यात होते. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केलेली आणि १९८० मध्ये व्यापक केलेली निवृत्तिवेतन योजना कागदोपत्री पुराव्यावर चालते, आणि अशा कार्यकर्त्यांची अडचण तिथेच सुरू होते.

तुरुंगवासाच्या आधारे पात्र ठरण्यासाठी किमान सहा महिन्यांची, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी तीन महिन्यांची अट आहे. भूमिगताच्या बाबतीत सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत असणे पुरत नाही. त्या व्यक्तीला फरारी घोषित केलेले असावे, तिच्या अटकेसाठी बक्षीस जाहीर झालेले असावे किंवा तिच्यावर काढलेला स्थानबद्धतेचा आदेश बजावता आलेला नसावा. स्वतःहून किंवा पक्षाच्या आदेशावरून भूमिगत राहिल्याचा दावा केंद्राच्या योजनेत ग्राह्य धरला जात नाही. म्हणजे प्रतिसरकारच्या काळात भाकऱ्यांच्या टोपलीत तळाशी चिठ्ठी ठेवून रानात जाणारी एखादी बाई, तिच्यावर पोलिसांचा कधी संशयच गेला नसेल, तर या व्याख्येत बसत नाही. हा नियम कठोर आहे, पण अर्ज लिहिण्याआधी तो माहीत असलेला बरा.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तत्कालीन न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश. ब्रिटिश मुलखात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ८७ खाली फरारीचा जाहीरनामा निघे आणि कलम ८८ खाली मालमत्ता जप्त होई, त्यामुळे घरावर जप्ती आल्याचा कागदही शोधण्यासारखा असतो. शोध आजच्या जिल्ह्यापुरता ठेवू नये. वाळवा किंवा तासगावचा कार्यकर्ता १९४२ मध्ये सातारा जिल्ह्यात मोडत होता, कारण आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला. लातूरकरांना उस्मानाबादच्या आणि त्याही आधीच्या निजामी दप्तराकडे वळावे लागते. भूमिगताचे टोपणनाव कागदावर असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि त्याला आधार देणारा कागद सोबत जोडावा.

मूळ अभिलेख मिळतच नसेल, तर राज्य शासनाकडून अभिलेख उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ‘नोंद सापडत नाही’ असे एका ओळीचे पत्र चालत नाही. ज्या ज्या कार्यालयांत नोंद असू शकली असती तिथे चौकशी केल्याचा उल्लेख त्यात हवा. त्यासोबत त्याच भागातील, दीर्घ तुरुंगवास सिद्ध झालेल्या ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिकाचे व्यक्तिगत माहितीवर आधारित प्रमाणपत्र लागते. असे प्रमाणपत्र देऊ शकणारी पिढी आता जवळजवळ संपली असल्याने घरच्या ट्रंकेत असलेले जुने प्रमाणपत्र जपून ठेवावे आणि लॅमिनेट करू नये, कारण त्यावरचा शिक्का आणि सही नंतर तपासणे अवघड होते.

केंद्राच्या योजनेत अर्जाची मुदत १९८२ मध्येच संपली. मुदतीनंतरच्या अर्जांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, केवळ उशिराच्या कारणावरून दावा फेटाळू नये, मात्र लाभ अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून द्यावा, अशी भूमिका घेतली. तरीही पुराव्याची अट तशीच राहिली. राज्याची योजना स्वतंत्र असून तिचे निकषही वेगळे आहेत, त्यामुळे त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी.

आज बहुतेक कुटुंबांचा संबंध हस्तांतरणाशी येतो. निवृत्तिवेतनधारकाच्या निधनानंतर पती किंवा पत्नीने मृत्यू प्रमाणपत्र, निवृत्तिवेतन आदेशाची प्रत, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील घेऊन आधी बँकेत जावे. जोडीदार नसल्यास अविवाहित आणि स्वतंत्र उत्पन्न नसलेल्या मुलीला अर्ज करता येतो. मुलाला हा हक्क नाही. जोडीदाराचे किंवा मुलीचे नाव मूळ प्रकरणात नोंदलेले नसेल, तर नाते सिद्ध करण्यातच महिने जातात. म्हणून ती नोंद निवृत्तिवेतनधारक हयात असतानाच करून घ्यावी.