वाचनालयाच्या संगणकावर बसण्याआधी: ओळखपत्र, नोंदवही आणि थोडी सावधगिरी

धडगाव-तळोद्याकडून शहाद्याला अर्ज भरायला आलेला विद्यार्थी वाचनालयात हमखास विचारतो, "सभासद आहे ना मी, मग परत ओळखपत्र कशाला?"

कारण 2011 चे सायबर कॅफे नियम. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 खाली केलेले हे नियम ओळख पटल्याशिवाय कुणालाही संगणकावर बसू देत नाहीत. ते मूळचे कॅफेसाठी आहेत, पण वाचनालयाच्या इंटरनेट कक्षानंही तीच चौकट धरावी हे बरं.

आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा शाळा-कॉलेजचं फोटो असलेलं ओळखपत्र, यांपैकी कुठलंही एक चालतं. त्याची प्रत ठेवून घेतात. अठराच्या आतल्या मुलाकडे ओळखपत्र नसेल तर सोबत कागदपत्रासह मोठं माणूस हवं. नोंदवहीत नाव, पत्ता, फोन, संगणकाचा क्रमांक, बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहायची. ही नोंद किमान एक वर्ष जपून ठेवावी लागते. उठल्याची वेळ लिहायला बहुतेक जण विसरतात. तुमच्यानंतर त्याच संगणकावरून कुणी उद्योग केले, तर तुम्ही तेव्हा उठून गेला होता हे दाखवणारी तीच एक ओळ असते.

संगणकांमधला आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, असंही नियम सांगतात. संगणकाचा पडदा चारचौघांना दिसतो म्हणून तक्रार करू नका, तो तसाच हवा.

अश्लील साइट बघणारे सापडतात, त्यांना बाहेर काढता येतं. माझ्या मते खरा धोका डाउनलोड फोल्डरमध्ये असतो. तिथे पडून राहिलेल्या ई-आधारचा, म्हणजे आधारच्या डाउनलोड केलेल्या फाइलचा, पासवर्ड असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे ओळखीच्याला सहज जमण्यासारखा. म्हणून फक्त शेवटचे चार अंक दाखवणारं मास्क्ड आधार चालत असेल तिथे तेच वापरा. उठताना फाइल रीसायकल बिनमधूनही काढा, मेल आणि अर्जाच्या साइटवरून लॉगआउट करा. खात्यातून पैसे गेलेच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

अर्ज भरता भरता वीज गेली तर तसंच उठून बसस्टँड गाठू नका. वीज आल्यावर ब्राउझर जुनी पानं पुन्हा उघडू का म्हणून विचारतो, आणि कधी लॉगिनसकट उघडतोही. थांबा, लॉगआउट करा, मग वहीत वेळ टाका.