क्षयरोगाचा सामाजिक कलंक (मुंबई)

क्षयरोग झालेल्या व्यक्तीला, आणि पुष्कळदा तिच्या कुटुंबालाही, कमी लेखण्याची, दूर ठेवण्याची किंवा दोषी धरण्याची प्रवृत्ती. मुंबईत ती मुख्यतः सोयरीक, भाड्याची खोली, नोकरी आणि घरातली ताटवाटी या ठिकाणी दिसते. रोगाची लक्षणे व औषधयोजना यांसाठी ‘क्षयरोग’ ही नोंद पाहावी.

या कलंकाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एका मतानुसार त्याचे मूळ, रोग वंशातून येतो या समजुतीत आहे. मनुस्मृतीत (३.७) विवाहासाठी वर्ज्य सांगितलेल्या कुळांत क्षयी कुळाचा समावेश आहे. दुसरे मत संसर्गाच्या भीतीवर भर देते आणि ती आधुनिक मानते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जाहीर केल्यावर रुग्णाला वेगळे काढणे रूढ झाले, असे या मताचे अभ्यासक म्हणतात. मात्र सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय ५) सहभोजन, निःश्वास, एकाच शय्येचा वापर यांनी माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांत ‘शोष’ गणला आहे. या संहितेचा काळ निश्चित नाही आणि तिच्यातील शोष म्हणजे आजचा क्षयच, असे ठामपणे म्हणता येत नाही. तरीही भांडी वेगळी ठेवण्यामागची भीती जंतूच्या शोधाहून जुनी असावी, हे अधिक संभवनीय दिसते. तिसरा धागा नैतिक दोषाचा. रोहिणीत रमून इतर पत्नींची उपेक्षा करणाऱ्या सोमाला (चंद्राला) सासरा दक्ष याच्या कोपाने राजयक्ष्मा (क्षयाचे जुने नाव) जडला, ही कथा चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातही (अध्याय ८) येते. चरकाने दिलेली चार कारणे, म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, वेगधारण (मलमूत्रादी वेग रोखणे), धातुक्षय (शरीरातील धातूंची झीज) आणि विषमाशन (अनियमित, अयोग्य खाणे), रुग्णाच्या वागणुकीकडेच बोट दाखवतात. हे तिन्ही धागे एका घरात सहज नांदतात. संसर्गाच्या भीतीने सुनेचा पेला वेगळा ठेवणारे घर तिच्या धाकट्या बहिणीचे स्थळ मात्र रोग ‘घराण्यातला’ म्हणून नाकारते.

मुंबईत या समजुतींना जागेच्या टंचाईची जोड मिळाली. गिरणगावातल्या गाळ्यांत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांना आजारी माणूस वेगळा ठेवणे शक्यच नव्हते. खोकला हटेना की त्याला कोकणात किंवा घाटावर गावी धाडत. ऐपतदारांसाठी पाचगणी, मिरज येथील आरोग्यधामे होती. महानगरपालिकेचे क्षयरोग रुग्णालय शिवडीला आहे, आणि परळ-लालबागकडे ‘शिवडीला ठेवलंय’ एवढे सांगितले की रोगाचे नाव घ्यावे लागत नाही. खरे तर घराबाहेर काढण्याचा वैद्यकीय आधार १९५९ मध्येच गेला होता. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या मद्रास येथील अभ्यासात घरी औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना अधिक धोका आढळला नाही.

आरोग्यावरील परिणामांत पहिला म्हणजे निदानाला होणारा उशीर. खोकला विडीचा किंवा पावसाळ्याचा म्हणून अंगावर काढला जातो. थुंकी तपासायला ओळखीच्या वस्तीत जाणे टाळून लांबच्या खाजगी डॉक्टरकडे जाण्याची वाट धरली जाते. परिणामकारक औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत संसर्गक्षमता बरीच घटते, म्हणजे लपवण्याचा काळ हाच प्रसाराचा काळ ठरतो. ताटवाटी वेगळी करून काही साधत नाही, कारण रोग हवेतून पसरतो. मानेच्या गाठीचा क्षय तर सहसा पसरतच नाही; पण गाठ सर्वांना दिसते, म्हणून बोलणीही त्याच रुग्णाला अधिक बसतात.

दुसरा परिणाम उपचार अर्धवट सुटण्याचा. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. त्यातल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे लघवी नारिंगी होते आणि सामायिक संडास असलेल्या चाळीत तेवढ्यानेही चौकशी सुरू होऊ शकते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात दिल्या जाणाऱ्या क्लोफाझिमिनने त्वचा काळवंडते, ते लपवताच येत नाही. देखरेखीखाली औषध देण्याच्या ‘डॉट्स’ पद्धतीने (१९९७ पासून) नियमितपणा वाढवला, पण औषध घ्यायला केंद्रावर गेल्यावर कोणाला दिसण्याची धास्तीही निर्माण केली; सरकारी क्षयरोग कार्यक्रमाच्या अहवालांत ही बाजू फार थोडक्यात येते. उपचार मध्येच सोडल्याने जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो. २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी कोणत्याही औषधाला दाद न देणारे चार रुग्ण नोंदवले. ‘पूर्ण औषधरोधी’ हे वर्णन केंद्र सरकारने मान्य केले नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेकडेही त्याची स्वीकृत व्याख्या नव्हती. वर्णनाचा वाद तांत्रिक होता. शहरात मात्र भीतीच पसरली.

स्त्रियांच्या बाबतीत माहेरी पाठवणे ही सर्वांत परिचित प्रतिक्रिया. जननेंद्रियांच्या क्षयाने वंध्यत्व येऊ शकते, त्यामुळे तिथे दोन कलंक एकत्र येतात. एचआयव्हीसोबतच्या क्षयाचेही तसेच.

मे २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची सरकारकडे नोंद बंधनकारक आहे. पोषणासाठी मिळणारे दरमहा ५०० रुपये (२०१८) नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. ते नोंदणीनंतर बँक खात्यात जमा होतात, त्यामुळे नाव लपवणाऱ्याला मिळत नाहीत. एचआयव्हीबाधितांना भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१७ मध्ये झाला. क्षयरुग्णांसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही.