लोह कमी की लोह कोंडलेले?

तपासणीच्या कागदावर हिमोग्लोबिन ९ आणि सीरम आयर्न कमी दिसले की ‘रक्त कमी आहे’ असे म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करण्याची आपल्याकडे रीतच आहे. मात्र हे दोन्ही आकडे दोन अगदी निराळ्या अवस्थांत सारखेच येऊ शकतात. एकीत शरीरातले लोह खरोखर संपत आलेले असते, तर दुसरीत ते शिल्लक असूनही कोंडून ठेवलेले असते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. नव्या तांबड्या पेशी घडवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागते आणि त्यातले बहुतेक पांथरीत व यकृतात मोडलेल्या जुन्या पेशींतूनच परत मिळते; आहारातून जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम शोषले जाते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नसल्यामुळे सारे नियमन लोह रक्तात सोडण्याच्या टप्प्यावरच करावे लागते. पेशींतून लोह रक्तात येते ते फेरोपोर्टिन या प्रथिनातून, आणि यकृतात तयार होणारे हेपसिडिन हे संप्रेरक त्या दाराला कुलूप लावते.

अंगावरून जास्त जाणे, मूळव्याध, जंत किंवा अपुरा आहार यांमुळे साठा घटला की हेपसिडिन उतरते, आतडे अधिक लोह शोषू लागते, लोह साठवणारे प्रथिन फेरिटिन खाली येते आणि लोह वाहून नेणारे ट्रान्सफेरिन वाढते. क्षयरोग, संधिवात किंवा मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात याच्या उलट घडते. दाहामुळे इंटरल्यूकिन-६ हे संदेशवाहक प्रथिन वाढते, ते हेपसिडिन वाढवते आणि लोह पेशींतच अडकते. जंतूंनाही वाढीसाठी लोह लागते, त्यामुळे ही नाकेबंदी मुळात शहाणपणाचीच म्हणायची. ती महिनोन्‌महिने चालू राहिली की रक्तक्षय होतो. इथे फेरिटिन नेहमीइतके किंवा चढे असते, तर ट्रान्सफेरिन वाढत नाही. अशा रुग्णाने गोळ्या घेतल्या तरी त्यातले फारच थोडे रक्तात पोहोचते. मूळ आजार आटोक्यात आणणे हाच खरा उपाय.

खरी पंचाईत होते ती दोन्ही एकत्र असताना. संधिवाताच्या रुग्णाला वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरातून नकळत रक्तस्राव होत असेल, तर लोह घटत असते, पण दाह फेरिटिनला वर ढकलत राहतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत मिलिलिटरमागे १५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी फेरिटिनला लोहाची कमतरता मानते, पण संसर्ग किंवा दाह असल्यास ही मर्यादा ७० धरते. फेरिटिनसोबत सीआरपी (दाह असल्याचे दाखवणारी रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर विसंबू नये, असे माझे मत आहे.

मेंदूचा हिशेब आणखी वेगळा आहे. रक्त आणि मेंदू यांमधल्या पडद्यातील पेशी ट्रान्सफेरिनला बांधलेले लोह मोजूनमापून आत घेतात, आणि डोपामिन हे मेंदूतले संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या विकराला हेच लोह लागते. तुटवडा पडला की तान्ह्या बाळाचे शरीर आधी तांबड्या पेशींची गरज भागवते. परिणामी हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाच मेंदूला लोह कमी पडू शकते. रात्री आडवे झाल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटण्याच्या विकारातही हिमोग्लोबिन उत्तम असले तरी फेरिटिन तपासतात आणि ते ७५ किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार करतात.