आरशात स्क्रीन आली, पण डोळ्यांचं काय?

गाडी मागे घेताना सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या... बास!’ म्हणणारा माणूस. डिकीच्या कडेखालची जमीन त्याला दिसते, ड्रायव्हरला नाही. आतला आरसा कितीही पुसा, हलवा. मागच्या काचेच्या खालचं काहीच त्यात येत नाही. लहान मूल नेमकं त्याच उंचीचं असतं.

२००२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर दोन वर्षांचा कॅमेरॉन गुलब्रान्सन वडिलांच्याच एसयूव्हीखाली आला. त्याच्या नावाचा कायदा अमेरिकेत २००८ मध्ये झाला, आणि १ मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागची सुमारे ३ मीटर रुंद आणि ६ मीटर लांब जागा दिसली पाहिजे, रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र आलं पाहिजे, असा नियम. ज्या मॉडेलांच्या डॅशबोर्डवर स्क्रीन नव्हती, त्यांना ती आतल्या आरशातच बसवणं सोयीचं पडलं. ड्रायव्हरची नजर सवयीने तिकडे जातेच.

या आरशाची काच अर्धवट चकाकीची असते: समोरून पडलेला बराचसा प्रकाश ती परत फेकते, थोडा मागून पुढे येऊ देते. तिच्यामागे एलसीडी बसवलेला असतो. तो बंद असला की मागे काळोख, म्हणून नुसता आरसा दिसतो. पेटला की त्याचं चित्र काचेतून बाहेर येतं. दुपारच्या उन्हात ते आरशातल्या प्रतिबिंबावर मात करायला हवं, त्यामुळे पॅनेल चांगलंच प्रखर लागतं. स्वस्त मालात इथेच काटकसर होते. चित्र डावं-उजवं उलटवूनही दाखवतात, नाहीतर आरशाला सरावलेला हात स्टिअरिंग भलतीकडे फिरवेल. बाहेरून बसवून घेतलात, तर इलेक्ट्रिशियन कॅमेऱ्याची लाल वायर रिव्हर्स लाईटच्या प्लसला जोडतो. गिअर पडला, दिवा लागला, कॅमेरा जागा झाला!

खरी गंमत आपल्या डोळ्यांत आहे. मागचा ट्रक २० मीटरवर असेल, तर सपाट आरशात त्याची प्रतिमाही आरशामागे तेवढ्याच अंतरावर असते. रस्त्यावरून नजर आरशात गेली तरी डोळ्याचं भिंग दूरचंच बघत राहतं. स्क्रीन मात्र हातभर अंतरावर! भिंगाला दरवेळी जवळचा फोकस जुळवायला लागतो, आणि चाळिशी लागलेल्यांना तोच जुळत नाही. शिवाय आरशात दोन्ही डोळ्यांमुळे खोली कळते, मान हलवली तर बाजूचंही दिसतं. कॅमेऱ्याचं चित्र सपाट. माझ्या मते म्हणूनच रिव्हर्स घेताना स्क्रीन उत्तम, पण हायवेवर पूर्णवेळ आरशाऐवजी वापरायला ती सगळ्यांना मानवेलच असं नाही. कॅडिलॅक सीटी६ या अमेरिकी कारमध्ये आरशाऐवजी अशी पूर्ण स्क्रीन दिली, तेव्हा साध्या आरशावर परत यायला खाली खटकाही ठेवला होता. शहाणपणाचं काम.

कॅमेऱ्याचं भिंग रुंद पल्ल्याचं, त्यामुळे वस्तू असते त्याहून दूर भासते. अंतराचा अंदाज देणाऱ्या स्क्रीनवरच्या रंगीत रेघा सपाट जमीन धरून आखलेल्या असतात. मागे चढ असला की अंदाज चुकतो. पावसाळ्यात मागच्या चाकांचा चिखल उडून भिंग बरबटतं, ते वेगळंच.

तरी फायदा मोजता आला आहे. अमेरिकेतल्या ‘इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी’च्या अभ्यासांत नुसत्या कॅमेऱ्याने मागे घेतानाचे अपघात १७ टक्क्यांनी कमी झाले; कॅमेरा, सेन्सर आणि आपोआप लागणारा ब्रेक एकत्र असताना ७८ टक्क्यांनी. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत, कॅमेरा नाही. म्हणून बरेच जण तो बाजारातून बसवतात. तेव्हा आरशातली स्क्रीन दुकानाच्या सावलीत पसंत करू नका. गाडी उन्हात काढा, रोज गाडी चालवताना घालता तोच चष्मा घाला आणि ड्रायव्हरच्या सीटवरून बघा.