पाठदुखीची सुई गोव्यात आली कुठून?

कंबर धरली की काय काय करून बघायचं, हे गोव्यात कुणाला शिकवावं लागत नाही. निगडीचा पाला उकळून शेक, गरम खोबरेल, घरात काजूची फेणी असली तर तिचे चार थेंब पाठीलाही. मग हाडवैद्य, मग एक्स-रे, मग 'मणक्यात गॅप आहे' हे ठरलेलं वाक्य. अलीकडे या रांगेत अ‍ॅक्युपंक्चरही, म्हणजे बारीक सुया टोचून करायचा उपचार, येऊन उभं राहिलं आहे. शहरात फिजिओथेरपीच्या पाटीवर ते खाली बारीक अक्षरांत असतं, किनारपट्टीवर मसाज आणि योगाच्या शेजारी. परदेशी पाहुण्यांबरोबर आलेलं हे नवं खूळ, अशी बऱ्याच जणांची समजूत. नवं आहे ते आपल्याला. तसं पाहिलं तर चारशे वर्षांपूर्वीच ते इथे रुजायला हरकत नव्हती, कारण पूर्वेकडची बातमी युरोपला जायची ती गोव्याच्या बंदरातून.

सुरुवात मात्र चीनमध्ये. 'हुआंगदी नेइजिंग' हा तिथला जुना वैद्यकग्रंथ साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात आकाराला आला. त्याच्या 'सुवेन' या भागातला एकेचाळिसावा अध्याय सबंध कंबरदुखीवर आहे. त्यातलं पहिलंच वर्णन वाचून आजचा कुठलाही स्कूटरवाला मान डोलावेल: कंबर दुखते, कळ मानेपासून पाठीच्या कण्यातून ढुंगणापर्यंत ओढते, पाठीवर ओझं ठेवल्यागत वाटतं. उपाय काय, तर गुडघ्याच्या मागच्या खळगीत टोचून रक्त काढा, पण वसंतात रक्त काढू नका. दुखतं एकीकडे, टोचायचं दुसरीकडे, हे तंत्र तेव्हापासूनचं. या खळगीतल्या टोचायच्या जागेला, म्हणजे बिंदूला, वेइझोंग म्हणतात. चिनी वैद्यांच्या घोकून पाठ करायच्या एका पद्यात आजही शिकवतात की पाठ-कंबरेसाठी वेइझोंग शोधा आणि डोकं-मानेसाठी मनगटाजवळचा लिएच्वे.

त्याहून जुना पुरावा मावांगदुई इथल्या थडग्यात सापडला. इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झालेलं हे थडगं १९७३ मध्ये उकरलं, तेव्हा रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर हाती आले. शरीरातून धावणाऱ्या वाहिन्यांचं वर्णन त्यांत आहे, पण सुईचा पत्ता नाही. वाळक्या दवण्याच्या जातीच्या पाल्याने डाग-शेक द्यायचा, एवढंच. म्हणजे नकाशा आधीचा आणि सुई नंतरची. पुढे १०२७ मध्ये वांग वेइयी या राजवैद्याने बिंदूंच्या जागी भोकं ठेवून काशाचे पुतळे ओतून घेतले. विद्यार्थ्यांच्या परीक्षेला पुतळ्यावर मेण चढवत आणि आत पाणी भरत. सुई नेमकी बसली तर पाणी गळायचं.

आता गोव्याकडे. लुईस फ्रोइस हा पोर्तुगीज जेजुइट धर्मप्रसारक १५४८ मध्ये गोव्यात उतरला, इथेच शिकला आणि १५६३ मध्ये जपानला पोहोचला. १५८५ च्या एका टिपणात त्याने युरोप आणि जपानच्या रीती एकमेकींसमोर मांडल्या. आम्ही रक्त काढतो, ते लोक आगीचे डाग घेतात, असं त्यात आहे. सुई आणि डाग ही चीन-जपानमध्ये एकाच विद्येची दोन अंगं. अशी माहिती ज्या जहाजांनी जायची, ती मांडवीच्या मुखाशी थांबत. तरी इथल्या कुणी सुई हातात घेतल्याचं दिसत नाही.

मला त्याचं कारण साधं वाटतं. औषधी मूळ गोणीत भरून आणता येतं, टोचणारा हात आणता येत नाही. १५६३ मध्येच गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात चोपचिनीच्या मुळावर स्वतंत्र प्रकरण आहे. ती चीनहून आलेली आणि बाजारात विकली जाणारी वस्तू होती. दुसरं असं की इथे वैद्यांची वाण नव्हती. १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्त्यांनी हिंदू वैद्याकडे जाऊ नये असं फर्मावलं खरं, पण १५८० च्या दशकात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यात राहिलेला लिन्स्खोटेन लिहितो की खुद्द व्हाइसरॉय आणि आर्चबिशपचाही याच वैद्यांवर भरवसा होता. नियम करणाऱ्यांनीच नियम मोडायचे, हे तेव्हाही होतं.

युरोपला सुईची नीट ओळख करून दिली ती डचांनी. विलेम टेन ऱ्हाइने हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य १६७४ पासून दोन वर्षं जपानात देजिमा बेटावर होता. त्याने पाहिलेला एक प्रसंग फार बोलका आहे. दरबारी निघालेल्या डच मंडळींबरोबर एक पहारेकरी होता. उन्हात थंड पाणी ढोसल्यावर त्याच्या पोटात कळ उठली. त्याने सरळ सुई काढली, पोटाच्या डाव्या बाजूला टेकवली आणि छोट्या हातोडीने ठोकून आत घातली, अशी चार ठिकाणी. वैद्य नाही, सोहळा नाही. टेन ऱ्हाइनेचं पुस्तक १६८३ मध्ये लंडनला निघालं आणि त्याचा मुख्य विषय होता सांधेदुखी. म्हणजे युरोपच्या दारातही ही विद्या हाडा-सांध्यांच्या दुखण्याचा हात धरूनच शिरली.

याच टेन ऱ्हाइनेचा हातभार 'होर्तुस मालाबारिकुस' या मलबारी वनस्पतींच्या बारा खंडांच्या ग्रंथाला लागला होता. या ग्रंथासाठी रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या कोकणी ब्राह्मण वैद्यांनी माहिती पुरवली. त्यांची नागरी लिपीतली साक्ष पहिल्या खंडात छापली आहे. कोचीनमध्ये स्थिरावलेल्या आपल्याकडच्या माणसांच्या वनौषधी आणि जपानी सुईची बातमी, दोन्ही त्या डच वैद्याच्या टेबलावरून गेल्या. एकमेकींना भेटल्या मात्र नाहीत.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्स-इंग्लंडच्या काही डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या. विल्यम ऑस्लर हे आधुनिक वैद्यकातलं मोठं नाव. त्याच्या १८९२ च्या पाठ्यपुस्तकात अचानक भरलेल्या उसणीवर सर्वांत गुणकारी उपाय म्हणून अ‍ॅक्युपंक्चरच सांगितलं आहे: तीन-चार इंची सुया, टोपीला लावायच्या असल्या तरी चालतील पण निर्जंतुक करून, दुखऱ्या स्नायूत घाला आणि पाच-दहा मिनिटांनी काढा. ना वाहिन्या, ना बिंदू. खुद्द चीनमध्ये मात्र १८२२ मध्ये बादशहाने राजवैद्यांच्या संस्थेतून ही विद्या हद्दपार केली होती. विसाव्या शतकात चेंग दानआन या चिनी वैद्याने तिला बारीक सुया दिल्या आणि बिंदू रक्तवाहिन्यांपासून दूर, मज्जातंतूंच्या जवळ आणले. आज आपण जे 'प्राचीन' म्हणून घेतो, त्यातलं बरंचसं शंभर वर्षांच्या आतलं आहे.

भारतात ती आली ती एका मराठी नावाच्या सावलीत. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिथेच वारले. ते शल्यचिकित्सक, सुयांशी त्यांचा संबंध जोडण्यात अर्थ नाही. पथकातले दुसरे डॉक्टर, बंगालचे बिजय कुमार बसू, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. लुधियानात या उपचाराचं एक रुग्णालय आहे, तेही कोटणीसांच्या नावाचं. बसूंचं काम जेमतेम सुरू होतं तोच १९६२ चं युद्ध झालं. गोवा तेव्हा मुक्त होऊन वर्षही झालं नव्हतं.

दुसरी लाट पश्चिमेकडून आली. जुलै १९७१ मध्ये अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टनचं बीजिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि नंतरच्या पोटदुखीवर सुया टोचल्या गेल्या. ऑपरेशन भूल देऊनच झालं होतं, पण लोकांच्या तोंडी सुयांवरच ऑपरेशन झालं असं भलतंच बसलं. पुढच्या फेब्रुवारीत निक्सन चीनला गेले आणि पश्चिमेत सुयांचं वेड पसरलं. कळंगुट-हणजुणच्या किनाऱ्यावर परदेशी तरुणांचे तळ पडले होते ते हेच दिवस. मालिश, योग, ध्यान यांचा जो बाजार तिथे पुढे उभा राहिला, त्यात सुईलाही जागा मिळाली.

इथे एक अवांतर. सुश्रुतांच्या मर्मांपासूनच चिनी बिंदू निघाले, असं हल्ली छातीठोक सांगतात. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मं आहेत, पण ती इजा होऊ नये म्हणून जपायच्या जागा आहेत, सुया टोचायच्या नव्हेत. आपलं म्हणायला आपल्याकडे पुष्कळ आहे, हे उसनं कशाला?

गुण येतो का? १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूत एक फाटक असल्याची कल्पना मांडली. सत्तरच्या दशकात शरीरातच तयार होणाऱ्या एंडॉर्फिन या वेदनाशामकाशी सुईचा संबंध दिसू लागला. पण सगळ्यात अडचणीत टाकणारे आकडे जर्मनीचे आहेत. जुन्या कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना आराम पडला, भलतीकडे आणि वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, तर गोळ्या-व्यायाम अशा नेहमीच्या उपचाराने २७.४ टक्क्यांना. सुई कामाची, बिंदू कुठला याने फारसा फरक नाही, असा त्याचा सरळ अर्थ. नकाशा पाठ करून बसलेल्यांना तो पचत नाही. पुढे २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली, त्यात मानदुखीचेही होते. तिथे खरी सुई खोटीपेक्षा थोडी सरस ठरली आणि वर्षभराने बराचसा आराम टिकलेला दिसला.

सरकारंही दोन्हीकडून बोलली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर द्या म्हटलं, २०१६ मध्ये देऊ नका म्हटलं. जर्मन विमा २००७ पासून खर्च देतो, अमेरिकेचा मेडिकेअर हा सरकारी विमा २०२० पासून. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या मार्गदर्शनात सुईला जागा दिली. आपल्याकडे पश्चिम बंगालचा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचा २०१५ चा. केंद्राने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. पेडण्यात धारगळला २०२२ मध्ये मोठी आयुष संस्था उभी राहिली, पण ती आयुर्वेदाची. तेव्हा गोव्यात टोचून घेणाऱ्याने समोरच्याचं शिक्षण आणि नोंदणी विचारून घ्यावी, त्यात संकोच कसला.

प्रत्यक्षात काय होतं? पालथं झोपवतात. बारीक नळीत सुई ठेवून वरून टिचकी मारतात. ही नळी जपानच्या सुगियामा वाइची या अंध वैद्याची देणगी, सतराव्या शतकातली. सुई पाव मिलिमीटर जाडीची असते, रक्त काढायची पाऊण मिलिमीटरच्या आसपास. टोचल्याचं कळत नाही, पण आत गेल्यावर जडपणा किंवा मुंग्या पसरतात. वैद्य नेमकं तेच विचारत असतो. वीस-तीस मिनिटं, आठवड्यातून एक-दोनदा, काही आठवडे. सुई दर वेळी नवी, समोर पाकीट फोडलेली हवी. मानेसाठी खांद्याच्या उंचवट्यावर जियानजिंग बिंदूला टोचतात, तिथे फुप्फुसाचं टोक खालीच असतं. सुई खोल गेली तर छातीत हवा भरू शकते, म्हणून टोचून घेतल्यावर धाप लागली तर घरी पडून राहू नये. आणि कंबरेबरोबर पायातलं बळ गेलं, मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर अ‍ॅक्युपंक्चरची वेळ रद्द करून त्याच दिवशी बांबोळीला, गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात.